कोरडा घास

३० जुलै, बुधवार

ही डायरी बियाण्याच्या कंपनीनं दुकानात फुकट दिली होती. जानेवारीपासून कोरीच पडून होती. आज नांदुऱ्याच्या डॉक्टर धम्मरत्न यांनी हुकूम सोडला, "राजकुमारभाऊ, रोज काय खाल्लं, कुठं टोचलं, ते लिहून ठेवत जा. पुढच्या महिन्यात मला दाखवा." म्हणून लिहायला बसलो. नाहीतर मी वरवट बकालचा कृषी केंद्रवाला. माझा आणि दैनंदिनीचा काय संबंध?

आज माझ्या दातांना तार बसली. वय चौतीस, लग्नाला आठ वर्षं झालेली, आणि तोंडात आठवीतल्या पोरीसारख्या चकचकीत टिकल्या. वर चौदा, खाली चौदा. हौस म्हणून नाही बसवल्या. माझे खालचे दात वरच्या हिरडीत रुततात म्हणे. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर चाळिशीपर्यंत पुढचे दात हलायला लागतील, मग खाणं विसरा. ते "खाणं विसरा" ऐकलं आणि मी खुर्चीत आडवा झालो. बाकी काहीही सांगितलं असतं तर ऐकलं नसतं.

कारण खाण्यासाठीच मला लोक ओळखतात. चंपाषष्ठीला आमच्या भावकीचा खंडोबापाशी रोडग्यांचा स्वयंपाक असतो. गोवऱ्यांच्या धगधगत्या आरात भाजलेले जाड कणकेचे गोळे, वर दगडासारखं खरपूस कवच. एका बैठकीत अकरा रोडगे खाणारा माणूस पंचक्रोशीत एकच आहे आणि तो ही डायरी लिहितोय. तिथला नियम असा, की पहिला घास कोरडा. वरण नाही, तूप नाही. रोडगा मुठीनं फोडायचा, कवचाचा तुकडा कोरडाच खायचा, तेव्हा कुठं ताटात वरण पडतं. कोरडा घास झाला नाही तर वरण नाही, आणि वरण नाही तर पंगतीतून उठायचं.

चंपाषष्ठी सव्वीस नोव्हेंबरला आहे. चार महिने. तोवर जमेल. आत्ता तर काहीच दुखत नाही. लोक उगाच बाऊ करतात.

१ ऑगस्ट, शुक्रवार

दुखतंय. सगळंच दुखतंय. भाकरीचा घास दातांत धरला आणि डोळ्यांतून पाणी आलं. गालाला आतून तार टोचते, तिथं डॉक्टरांनी दिलेलं मेण लावलं, तर ते मेणच गिळलं गेलं. ठेच्याचं बोट जिभेला लावलं आणि तोंडात वणवा पेटला. आठ वर्षांत पहिल्यांदा मी ताट अर्धं टाकून उठलो.

पुष्पांजली म्हणाली, "वरण पिऊन घ्या." आमच्या घरचं वरण म्हणजे पाणी. लग्नापासून सांगतोय की वरण घट्ट कर, पण हिचा हात पातळच पडतो. आज मात्र तेच दोन वाट्या प्यायलो. तिला चिडवायची संधी गेली.

आई माझ्याकडे टक लावून बघत होती. तिचं जेवण नंतर असतं, आमचं सगळं आवरल्यावर, एकटीचं. जुन्या बायका अशाच. मी दुकानात जायला निघालो तेव्हा तिचा छोटा लोखंडी खलबत्ता टक्‌टक्‌ वाजत होता. जेवण झालं की तिला पान-सुपारी कुटून लागते. दुसरं व्यसन नाही बिचारीला.

४ ऑगस्ट, सोमवार

तीन दिवस लापशी. चवथ्या दिवशीही लापशी. सकाळी पातेलीभर करून ठेवली होती ती दुपारी आलो तर निम्मी. मांजर सोकावलंय. पुष्पांजलीला म्हटलं, पातेल्यावर पाटा ठेव. ती म्हणाली, "राहू द्या हो. मांजरालाही पोट असतं." हिला मांजराची एवढी माया कधीपासून आली कोण जाणे.

१२ ऑगस्ट, मंगळवार

आज अंगारकी. पहाट उजाडल्यापासून घरात उपास. माझा कधीच नसतो, पण लापशीचा रवा संपला होता, म्हणून आईच्या ताटातली भगर घेतली. वर पातळ दाण्याची आमटी.

देवा! तारेनं हूं की चूं केलं नाही. घास आपोआप गेला. वर एक केळं, शिंगाड्याचा शिरा, वाटीभर ताक. तेरा दिवसांनी पहिल्यांदा पोट भरलं, ढेकर आला, मी तिथंच भिंतीला टेकून बसलो. आई म्हणाली, "गोड लागलं का रे राजा?" मी म्हटलं, "माय, हे एवढं भारी असते हे मले कोनी सांगितलंच नाही." ती हसली. पुढचे तीन दात शाबूत आहेत तिचे अजून, या वयात. हसली की छान दिसते.

मला तर वाटतं उपास हा प्रकार बिनदाताच्या माणसासाठीच कोणीतरी काढला असावा. ज्यानं काढला त्याला साष्टांग नमस्कार.

१४ ऑगस्ट, गुरुवार

गुरुवार धरला.

१८ ऑगस्ट, सोमवार

सोमवारही धरला. शनिवारचा विचार चालू आहे. हे फक्त डायरीला माहीत, की माझी भक्ती तोंडातून सुरू होऊन पोटात संपते. गावात मात्र वेगळंच पसरलंय. शेजारच्या अंबूबाई दुकानात तुरीचं औषध विचारायला आल्या आणि म्हणाल्या, "मायचं लेकरू शोभतं बाप्पा! वच्छलाबाईनं देवधर्म केला, तो पोरात उतरला."

आईचं खरंच मोठं आहे. बाबा गेले त्याला नऊ वर्षं झाली. त्या वर्षापासून तिनं एकेक वार धरायला सुरुवात केली. सोमवार, मंगळवार, गुरुवार, शनिवार, दोन एकादश्या, चतुर्थी. लग्नाच्या पंगतीत बसत नाही, बारशाला जेवत नाही, "मले उपास हाय" म्हणून हात जोडते. नव्या सुना तिच्या पाया पडतात. रोडग्याच्या दिवशी पहिला रोडगा मानाचा म्हणून तिलाच देतात. ती तो कपाळाला लावते आणि पदराला बांधते. मग भावकी तिला नमस्कार करते आणि पंगत सुरू होते. दुःख कोणाला दारूकडे नेतं, हिला देवाकडे नेलं.

२३ ऑगस्ट, शनिवार

घात झाला, आणि तो मी स्वतःच्या तोंडानं करून घेतला.

बसस्टँडवर गोविंदा भाजलेली कणसं विकत घेऊन उभा होता. हा माझा पहिलीपासूनचा मित्र आणि रोडग्याच्या पंगतीत वरणाची बादली याच्याच हातात असते. मला बघून म्हणाला, "काय बे राजू, तू तर आता भगरीवाला महाराज झाला. कनीस खात असशीन का दुरून वास घेतं?"

असं म्हटल्यावर कोण थांबेल? दोन्ही हातांनी कणीस धरलं आणि पहिल्याच घासाला कट्‌ झालं. वरच्या सुळ्यावरची टिकली तारेत लोंबकळायला लागली. ही दुसरी. पहिली मागच्या आठवड्यात शेवेत गेली होती, ते लिहायची लाज वाटली म्हणून लिहिलं नव्हतं. गोविंदा पोट धरून हसत होता. "यंदा रोडग्याले येऊच नको बे. मी तुह्या घरी डब्यात वरन पाठवतो."

तसाच नांदुऱ्याची गाडी धरली. डॉक्टर धम्मरत्न कधी आवाज चढवत नाहीत, तेच जास्त लागतं. म्हणाले, "भाऊ, ही दुसरी. तिसरी तुटली तर मी सगळी तार काढून देतो. अर्धवट उपचार करण्यापेक्षा न केलेला बरा." मी विचारलं, "आन् रोडगा?" ते म्हणाले, "वरणात कुस्करून खा." मी कोरड्या घासाचं सांगितलं. त्यांनी मान हलवली. "मग या वर्षी पंगतीला बसू नका."

पंगतीला बसू नका! यायच्या गाडीत खिडकीशी बसून विचार करत होतो. बसलो नाही तर गोविंदा जन्मभर बोलणार. बसलो आणि टिकली तुटली तर तार जाणार, आणि पाच वर्षांनी दातच जाणार. कोरडा घासही झाला पाहिजे आणि टिकलीही राहिली पाहिजे. कसं, ते ठाऊक नाही. पण मी बसणार.

७ सप्टेंबर, रविवार

प्रगती आहे. डॉक्टरांना दाखवायची म्हणून व्यवस्थित लिहितो. पेरू किसून खाल्ला, मीठ-तिखट लावून; किसलेला पेरू म्हणजे पेरूचं भूत, पण वास तोच. ज्वारीच्या कण्या ताकात, अगदी सोप्या. तुरीच्या डाळीचे फुणके वाफवून मऊ असतात, कढीत टाकले की दाढेला पत्ताच लागत नाही. भाकरी गरम असतानाच दुधात मोडायची, गार झाली की तिची ढाल होते. घास छोटा घ्यायचा आणि मागच्या दाढांवर ढकलायचा. जेवल्यावर बारक्या ब्रशनं टिकल्यांमधून जे निघतं ते बघायचं नाही.

एक विचित्र गोष्ट. मी बारीक घास घेऊन हळू खायला लागल्यापासून मला कळतंय, की ज्वारी गोड असते. चौतीस वर्षं मी ती नुसती गिळत होतो.

मांजर कण्याही खातं. आज निम्म्या गेल्या.

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसले. नऊ दिवस धरणार, आईबरोबर. दोघांची पानं शेजारी मांडली. आठवत नाही याआधी मी आणि आई एका वेळी कधी जेवलो. एरवी मी उठल्यावर ती बसते. आज ती माझ्याशी गप्पा मारत जेवली, तिच्या माहेरच्या, धाडच्या बाजाराच्या गोष्टी. लहानपणी म्हणे आजोबांबरोबर बाजाराला गेली की फुटाण्याचा पुडा घरी येईपर्यंत उरत नसे. "आख्ख्या धाडात माह्यासारखी खानारी पोरगी नव्हती," म्हणाली. मी म्हटलं, "मंग मी कोनावर गेलो ते समजलं." तिनं दोनदा भगर मागून घेतली.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

आज जे झालं ते लिहिल्याशिवाय राहवत नाही.

उपास सुटला म्हणून पुष्पांजलीनं वडे आणि खुसखुशीत पुऱ्या केल्या. आई पाटावर बसली, ताटाला हात जोडले आणि म्हणाली, "माहा पोर्निमेपर्यंत हाय." उठून गेली. मला वाईट वाटलं, नऊ दिवस शेजारी बसायची सवय झाली होती.

दुपारी मला भाजलेल्या दाण्यांची अनिवार इच्छा झाली. दाणा चावायची मनाई, म्हणून कूट करावं म्हटलं, तर लाईट गेलेली, मिक्सर बंद. आई अंबूबाईंकडे सोनं द्यायला गेली होती. तिच्या कोनाड्यातला तो छोटा खलबत्ता घेतला. आत बघितलं.

सुपारी नव्हती. तळाला ज्वारीच्या भाकरीचा चुरा होता, वाळलेला. त्यात हिरव्या मिरचीचं साल आणि मिठाचे खडे. कडेला वड्याचा आजचा ओला तुकडा.

मी खलबत्ता मांडीवर घेऊन बसलो. ती टक्‌टक्‌ मी नऊ वर्षं ऐकत आलो होतो. पुढचे तीन दात दिसायचे म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही, मागं सगळं मोकळं. भगर, केळं, ताक, लग्नातले जोडलेले हात, पदराला बांधलेला रोडगा. आणि ते मांजर. आमच्याकडे मांजर नाहीच, शेजाऱ्यांचं आहे, ते दूधसुद्धा शिळं पीत नाही.

पुष्पांजलीला विचारलं, "तुले माहीत होतं?"

"आठ वर्षांपासून. वरण पातळ कोणासाठी करते मी?"

"मंग मले सांगितलं काऊन नाही?"

"आईंनी शपथ घातली होती. आणि तुम्ही कधी ताटावरून मान वर केली असती तर तुम्हालाच दिसलं असतं."

मला स्वतःची इतकी लाज यापूर्वी कधी वाटली नव्हती.

आई आली तेव्हा खलबत्ता माझ्या हातात होता. तिनं पाहिलं, आपट्याची पानं देवापुढं ठेवली आणि शांतपणे समोर बसली.

"कवापासून, माय?"

"तुहे बाबा गेले त्या साली. दुखून दुखून एकेक दाढ गेली. त्या टायमाले कोनाले सांगू?"

"नंतर तरी सांगाचं ना."

"तू ताटावर बसला का पाह्यत राहावं असा खाये. तुह्यासमोर मी भाकर चघळत बसली असती, तर तुले घास गेला असता का?"

मी विचारलं, "आन् उपास?"

तिनं पदर तोंडावर घेतला. मला वाटलं रडते आहे. हसत होती. "पयल्या साली खरे केले बाप्पा, तुह्या बाबासाठी. मंग ध्यानात आलं, भगरीले दाढ लागत नाही. मंग वार वाढवत गेली. मंग लोकं पाया पडाले लागले. आता मांगं कशी फिरू?"

मी सांगितलं, "माय, मी बी तेच करून राह्यलो. सोमवार, गुरुवार, सगळे." मग आम्ही दोघं इतके हसलो की पुष्पांजली बाहेरून पळत आली. हसता हसता माझे डोळे भरून आले ते आईला दिसले असावेत. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

६ ऑक्टोबर, सोमवार

आईला नांदुऱ्याला नेलं. नको नको म्हणत होती. तिचं म्हणणं, उरलेले तीन काढले की कवळी बसेपर्यंत गावात बोळकं दिसेल आणि सगळं उघडं पडेल. मी म्हटलं, "मी तोंडात लोखंड घेऊन गावभर फिरतो, तुले पदर तरी हाय." तेव्हा गाडीत चढली.

डॉक्टरांनी तोंड तपासलं आणि विचारलं, "मावशी, इतकी वर्षं काय खाल्लं तुम्ही?"

आई म्हणाली, "देवाचं नाव."

डॉक्टर धम्मरत्न मी पहिल्यांदा मोठ्यानं हसताना पाहिले. तीनही हलत होते, सहज निघाले. पाच आठवड्यांनी कवळी. येताना आईनं गाडीत माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं, तोंडात कापूस, डोळे मिटलेले. मी तिच्या हातातली पिशवी घेतली.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

दिवाळी. आई, मी, दोघंही चकली दुधात बुडवून खातोय. पुष्पांजली एकटी कडाकडा चावते आणि आमच्याकडे बघते. आता घरात खलबत्ता उघड चालतो, जेवणाच्या वेळी, सगळ्यांसमोर. आई माझी शेवही कुटून देते. मांजराचा विषय निघत नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

आज एकादशी, तेव्हा खरा उपास.

कोरड्या घासाचं दुखणं आईपुढं मांडलं. म्हटलं, पंगतीला बसलो आणि टिकली तुटली तर तार जाते, नाही बसलो तर इज्जत. तिनं मला वेड्यात काढलं. "नऊ वर्सं मी बिनदाढेची कोरडी भाकर खाल्ली, सांजच्याले, तू दुकानात असला का. मी शिकवते. बस."

उद्यापासून शिकवणी.

९ नोव्हेंबर, रविवार

शिकवणी कडक आहे. दोन दिवसांची वाळलेली भाकरी, नखाएवढा तुकडा. "दातानं भिडू नको. गालात ठेव. बोलू नको. थुकीनं भिजू दे. आता जीभ खाली घाल, टाळूले दाब. घाई करू नको रे, तू काय लढाई करून राह्यला का?" पहिल्या दिवशी तुकडा टोचला, थुंकलो. तिनं डोक्यात टपली मारली. आज सबंध चतकोर गेला, टिकलीला न लावता. अर्धा तास लागला. आई म्हणाली, "अकरा खाचे असतीन तर उद्या सकाळी सुरू कर."

१२ नोव्हेंबर, बुधवार

कवळी बसली. आईनं आरशात पाहिलं, मग मला पाहिलं, मग पुन्हा आरशात. म्हणाली, "मी तर माह्या मायसारखी दिसून राह्यली." डॉक्टरांनी बजावलं, पहिले पंधरा दिवस मऊच खा. आईनं बोटं मोजली. माझ्याही लक्षात आलं. चौदा दिवसांनी चंपाषष्ठी.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

कवळी बोचते. हिरडीला फोड आला, पुन्हा नांदुरा, घासून आणली. बोलताना दात टकाटक वाजतात म्हणून चिडते. काल काढून डबीत टाकली होती, "जाऊ दे, खलबत्ता बरा" म्हणाली. मी नुसता फुटाण्यांचा पुडा तिच्या कोनाड्यात ठेवला. आज सकाळी पुडा निम्मा. आमच्याकडे मांजर नाही.

डॉक्टरांना हे कळवलेलं नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार, चंपाषष्ठी

संध्याकाळ झाली. पोट भरलंय. सगळं क्रमानं लिहितो.

सकाळपासून खंडोबापाशी नदीकाठच्या शेतात धूर. दोनशे माणूस. बायका कणीक मळत होत्या, पुरुष आर सारून रोडगे उलटत होते, वांग्याच्या भाजीचा वास पार रस्त्यापर्यंत. मी पंगतीत बसलो तसा गोविंदा बादली घेऊन माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "पाह्यतो बे महाराज. कोरडा घास झाल्याबिगर एक थेंब देनार नाही."

देवाला नैवेद्य झाला आणि नेहमीसारखा पहिला रोडगा आईच्या हातात दिला. सगळ्यांचे हात सवयीनं जोडले गेले. आता ती कपाळाला लावणार, पदराला बांधणार. तिनं कपाळाला लावला. मग जमिनीवर ठेवला आणि मूठ मारली.

रोडगा फुटला. वाफ निघाली. तिनं कवचाचा चांगला मोठा तुकडा मोडला, कोरडाच, आणि तोंडात घातला. तो कुर्रकन आवाज मी तीन माणसं सोडून बसलो होतो तिथंपर्यंत आला. पंगतीतले जोडलेले हात तसेच राहिले.

अंबूबाईंच्या तोंडून निघालं, "वच्छलाबाई! अवं, उपास हाय ना तुमचा?"

आईनं हातानंच थांब म्हटलं. दोन्ही बाजूंनी चावला, सावकाश. गिळला. मग सगळ्यांना दिसतील असे नवे दात काढून हसली.

"होता. नऊ सालाचा होता. माह्या राजूनं आज सोडवला. गोविंदा, वरन वाढ."

गोविंदा बादली घेऊन तिकडे धावला. आधी कोणीतरी एक हसलं, मग सगळी पंगत. पण ते हसणं तिच्यावर नव्हतं, तिच्याबरोबर होतं. आणि माझा तर अजून घास व्हायचा होता.

मग माझी पाळी. तुकडा गालात ठेवला. बोललो नाही. भिजू दिला. गोविंदा समोर उभा राहून आकडे मोजत होता, साठ, सत्तर, ऐंशी. "झोपला का बे?" तिकडून आई डोळ्यांनीच सांगत होती, घाई करू नको. जीभ खाली, टाळूला दाब. एकशे दहाला तुकडा फुटला आणि गेला. मी आ करून दाखवला. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस टिकल्या जागेवर. गोविंदानं दोनदा वाकून पाहिलं आणि मग माझं ताट वरणानं इतकं भरलं की बाहेर ओघळ गेला.

मी चार खाल्ले, कुस्करून, तूप घालून. अकरा नाही. पण चारही रोडग्यांची चव सांगू शकतो. आईनं तीन खाल्ले आणि चवथ्याचं कवच नुसतं ठेच्याशी.

हात धुवायला गेलो तिथं अंबूबाईंनी मला बाजूला घेतलं. इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "राजू, तो नांदुऱ्याचा डॉक्टर कोन्या वारी राह्यते रे?" मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचाही सोमवार, गुरुवार आणि शनिवार असतो. मी म्हटलं, "मावशी, सोमवारी माह्यासंगं चला." त्यांच्या मागं आणखी दोघी उभ्या होत्या, ऐकू येत नसल्यासारखं करून. सोमवारी गाडीत जागा धरावी लागणार.

घरी आलो. आईनं कोनाड्यातला खलबत्ता काढला, चिंचेनं घासून लख्ख केला आणि माझ्यापुढं ठेवला. "घे. तुले आनखी दीड साल लागन. मले आता काय करा लागते?"

पोटात जागा नव्हती, तरी मूठभर दाणे घेतले, गुळाचा खडा घातला आणि बसल्या बसल्या कुटले. टक्‌टक्‌. शेजारी आई फुटाणे खात होती. एकेक, नुसते.